आधी सतरंजी, मग माईक

माझं माहेर अकोला, सासर अमरावती आणि नोकरी जलसंपदा खात्यात. बोलणाऱ्या माणसांचा दुष्काळ या तिन्ही ठिकाणी कधी पाहिला नाही. वऱ्हाडात पानठेल्यावर उभा असलेला माणूस कपाशीच्या भावापासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत कशावरही अर्धा तास बोलतो, आणि चांगलं बोलतो. त्यालाच माईकपुढे उभं केलं की घसा कोरडा पडतो. मग ‘वेळेअभावी मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ इथून जी गाडी सुटते, ती कुठेच पोचत नाही.

यावर इलाज म्हणून वक्तृत्वाचे क्लब असतात. आमचा अमरावतीचा क्लब टोस्टमास्टर्स या संस्थेच्या धर्तीवर चालतो. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात ही पद्धत सुरू केली. हप्त्यातून एक बैठक, दोन-तीन तयारीची भाषणं, चिठ्ठी उचलून आयत्या वेळी बोलणारे चार-पाच जण आणि प्रत्येक भाषणाचं तिथल्या तिथे मूल्यमापन. वेळ मोजायला एक जण, ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजायला दुसरा, भाषेवर लक्ष ठेवायला तिसरा.

मी तिथे बोलणं शिकायला गेले. जे काही आलं ते बहुतेक न बोलण्याच्या कामांतून आलं. त्यातलं थोडं इथे सांगते.

१. खुर्च्या स्वतः मांडा

नवा सभासद आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, माझं भाषण कधी?” आमचं उत्तरही ठरलेलं: “पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी या, खुर्च्या मांडायच्या आहेत.” काहींचा चेहरा उतरतो. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणजे ज्याला कधीच तिकीट मिळत नाही तो, हे आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे.

पण या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वक्ता आधी झाडू मारायचा. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. ते कोणत्याही गावात गेले की दिवसा हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. याकडे आपण नुसता सेवाभाव म्हणून पाहतो. मला त्यात वक्त्याची तयारी दिसते. रात्री ज्यांच्यापुढे बोलायचं त्यांच्या नाल्या, उकिरडे, दारं-ओटे त्यांनी दिवसभर डोळ्यांखालून घातलेले असत. म्हणून कीर्तनात ते सांगण्यापेक्षा विचारत जास्त. कर्ज काढून सण करावा का, देवाला कोंबडं-बकरं लागतं का, पोरगं शाळेत गेलं का, असं थेट समोरच्याला विचारायचं, त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायचं आणि मग पुढे जायचं. श्रोत्याला माहीत असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करायची तर आधी श्रोता माहीत पाहिजे.

खुर्च्या मांडताना खोली कळते. कोणता पंखा कटकटतो, संध्याकाळचं ऊन कोणाच्या डोळ्यांवर येतं, माईकची वायर कुठवर पुरते. माणसंही कळतात. दारापाशी बसणारा हमखास लवकर उठतो, आणि पहिल्यांदा आलेला माणूस मोबाइल बाहेर काढून त्यात तोंड घालून बसतो. त्याच्याशी भाषणाआधी दोन वाक्यं बोललात तर भाषणभर तो तुमच्याकडे पाहतो.

एक व्यवहारातली गोष्ट. तीस माणसं येणार असतील तर वीसच खुर्च्या मांडा, बाकीच्या एकावर एक रचून ठेवा. वऱ्हाडातला श्रोता मागून भरत येतो. पुढच्या दोन रांगा मोकळ्या राहिल्या की चांगला वक्ताही ढिला पडतो. खुर्च्या कमी असल्या की लोक पुढे येतात, आणि मग वाढीव खुर्च्या मागे लावता येतात.

२. घड्याळ हाती घ्या

आमच्याकडे तयारीचं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं असतं. पाचव्या मिनिटाला हिरवी पट्टी, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल. स्पर्धेत साडेसातच्या पुढे गेलात किंवा साडेचारच्या आत आटोपलंत की बाद, मग भाषण कितीही रंगो. आमच्या पट्ट्या ऑफिसच्या जुन्या फायलींच्या पुठ्ठ्यांना रंगीत कागद चिकटवून केलेल्या आहेत, आणि लाल पट्टीचे कोपरे सगळ्यात जास्त झिजलेत.

घड्याळ हातात असलं की भाषण वेगळंच ऐकू येतं. पहिली दीड-दोन मिनिटं आभार आणि नमस्कारात गेली, तीन मिनिटं असं सांगण्यात गेली की हा विषय किती महत्त्वाचा आहे, आणि मुद्दा आला तेव्हा पिवळी पट्टी वर. हे दुसऱ्यांच्या भाषणांत महिनाभर पाहिलं की स्वतःच्या भाषणात आपोआप दिसायला लागतं. म्हणून माझं मत आहे की नव्या सभासदाला पहिला महिना घड्याळावरच बसवावं.

एकदा बैठकीला एक निवृत्त साहेब पाहुणे होते. लाल पट्टी वर गेली तरी ते आपल्या सेवाकाळातल्या दुसऱ्या बदलीवरच होते. पट्टी धरलेली पोरगी कॉलेजातली. तिनं हात खाली घेतला नाही. साहेब थांबले. “हे काय आहे?” “काकाजी, तुमचा टाइम झाला.” सगळी खोली हसली. काकाजींनी वाक्य पुरं केलं आणि बसले. चहाच्या वेळी मात्र ती पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहत होते. आपल्या भागातल्या निम्म्या कार्यक्रमांचा वेळ दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविकच खातं. या पट्ट्या प्रत्येक सभागृहात ठेवायला हरकत नाही.

३. ‘सन्माननीय व्यासपीठ’ घरी ठेवून या

शाळा-कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली मुलं आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना शिकवण्याआधी बरंच काढून टाकावं लागतं. ‘सन्माननीय व्यासपीठ, गुणीजन परीक्षक’, मग एक शेर, मग शेवटच्या शब्दावर चढवलेला आवाज. विषय पाणीटंचाई असो की शिवजयंती, सूर तोच. अमरावती-अकोल्याच्या मुलांपुढे राम शेवाळकरांचा आदर्श असतो, आणि तो असायलाच पाहिजे. ते अचलपूरचे, जन्म १९३१, आणि १९९४ च्या पणजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण त्यांच्या नटलेल्या वाणीमागे संस्कृत आणि संतसाहित्याचा जन्मभराचा अभ्यास होता. आपल्यामागे मोबाइलवरून उतरवलेला शेर असतो. श्रोत्याला तो फरक पहिल्या मिनिटात कळतो.

आमचा नियम साधा आहे. पहिल्या वाक्यात एखादं माणूस, ठिकाण किंवा वस्तू आली पाहिजे.

४. कूलरशी भांडू नका

मे महिन्यात अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कूलर चालू ठेवला तर बोलणं ऐकू येत नाही, बंद केला तर ऐकणारे राहत नाहीत. घसा ताणून उपयोग नाही. कूलरसमोरून बाजूला व्हा, श्रोत्यांच्या जवळ जा, वाक्यं लहान करा. आमच्या अकोल्याच्या मैत्रिणी उन्हाळ्यात सकाळी सातलाच बैठक घेतात आणि नऊपर्यंत पोहे खाऊन मोकळ्या होतात. हाच त्यावरचा खरा इलाज.

५. घरी बोलता तेच बोला

दर्यापूरकडचे एक शेतकरी आमच्याकडे आले. दारातच विचारलं, “ताई, आपल्याले शुद्ध बोलता येत नाही. चालते का?” मी म्हटलं, “चालतं भाऊ, या.” त्यांनी पहिलं भाषण खारपाणपट्ट्यावर केलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलाय, आणि तिथल्या जमिनीतलं पाणीच खारं आहे. माझा हा रोजचा विषय. क्षारांचं प्रमाण, पाझर, भूजलपातळी हे सगळं मी तक्त्यांसकट सांगू शकते. भाऊंनी तक्ता आणला नव्हता. ते म्हणाले, “आमच्या गावात सोयरिकीले पाव्हने येतेत, पान्याचा घोट घेतेत, अन् पोरीचा बाप उठून उभा रायते.” खोलीत कोणी हललं नाही. पाण्यावर इतकी वर्षं काम करूनही या पाण्याचं सगळं मोल एका वाक्यात मावेल असं मला वाटलं नव्हतं.

पण त्याआधीची गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी पहिल्यांदा ‘मले’ म्हटलं तेव्हा काही जण हसले होते. विषय गंभीर, तरी हसले. सिनेमा आणि टीव्हीनं वऱ्हाडीला नोकराची किंवा विदूषकाची भाषा करून ठेवलं आहे, त्यामुळे ती कानावर पडली की हसायचं, ही सवय खुद्द वऱ्हाडी माणसालाही जडली. वऱ्हाडीत हसवणारे थोर लोक आपल्याकडे होऊन गेले. ‘मिर्झा एक्स्प्रेस’वाले मिर्झा रफी अहमद बेग, ‘बॅरिस्टर गुलब्या’ करणारे यवतमाळचे शंकर बडे. पण ते हसवता हसवता माणसाला शेतकऱ्याच्या घरात नेऊन सोडत. हसू हे त्यांचं दार होतं.

म्हणून वऱ्हाडीत बोलणाऱ्याला मी इतकंच सांगते: पहिलं हसू येऊ द्या, ते विरेपर्यंत थांबा आणि मग पुढे बोला. दुसऱ्या मिनिटाला कोणाचंच भाषेकडे लक्ष नसतं, सगळे गोष्टीत शिरलेले असतात. उलटही तितकंच खरं. घरी पुणेरी बोलणाऱ्यानं टाळ्यांसाठी ‘काय राजेहो’ करू नये. आमच्याकडचं लेकरूसुद्धा ते ओळखतं.

६. थांबायला शिका

‘अं’, ‘म्हणजे’, ‘बेसिकली’, ‘कसं आहे ना’. हे मोजणारा माणूस बैठकीच्या शेवटी प्रत्येकाचा आकडा वाचून दाखवतो. आकडा कळला की लोक घाईघाईनं बोलायला लागतात आणि तो आणखी वाढतो. ‘अं’ जिथे येतो तिथे खरं तर गप्प राहायचं असतं. ती शांतता सोसवत नाही म्हणून आपण आवाज भरतो.

शांततेची भीती जावी म्हणून मी लोकांना तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीला जाऊन यायला सांगते. महाराजांनी खंजिरीच्या तालावर गावंच्या गावं जागी केली. ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांचं निर्वाण झालं. पुण्यतिथी महोत्सवात दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली होते. अफाट गर्दी, बायाबापड्या, कडेवरची लेकरं, आणि आवाज नाही. ज्या माणसाचं आयुष्य भजनात गेलं त्याला लोक गप्प राहून आठवतात, आणि त्या गप्प राहण्याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा मोठा असतो. ते अनुभवून आल्यावर भाषणात दोन सेकंद थांबायला काही वाटत नाही.

७. ‘छान झालं’ हे मूल्यमापन नव्हे

क्लबातली सगळ्यात अवघड खुर्ची मूल्यमापकाची. वक्त्याला तयारीला पंधरा दिवस मिळतात. मूल्यमापकाला भाषण संपल्यावर काही मिनिटांत उभं राहून दोन-तीन मिनिटांत सांगायचं असतं की काय जमलं, काय नाही आणि पुढच्या वेळी काय करायचं. आपल्याकडे याची दोन टोकं. एक, “मॅडमनी अतिशय सुंदर, ओघवत्या शैलीत विषय मांडला.” दुसरं, “आवाज नाही, हातवारे नाहीत, पाठांतर नाही.” दोन्ही ऐकून वक्ता होता तिथेच राहतो.

सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सताई सर्पदंशावर बोलल्या. पहिली तीन मिनिटं सापांच्या जाती, विषाचे प्रकार, ‘दरवर्षी अनेक रुग्ण दगावतात’. मग सहज म्हणाल्या, सोयाबीनच्या वावरातून एक बाई आली होती, पायाला करकचून दोरी बांधलेली, आधी गावातल्या मांत्रिकाकडे दोन तास गेलेले. तिथून पुढे सगळे कान टवकारून ऐकायला लागले. मूल्यमापन माझ्याकडे होतं. मी म्हटलं, “ताई, तुमचं भाषण चौथ्या मिनिटाला सुरू झालं. ती बाई दारातून आत आली तिथून सुरू करा. दोरी का बांधायची नाही आणि थेट दवाखान्यात का यायचं हे तिच्याच गोष्टीत सांगा. सापांच्या जाती गाळा, शेतकऱ्याला त्या तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत.” पुढे त्यांनी हेच भाषण एका गावात केलं तेव्हा ते त्या बाईपासूनच सुरू झालं.

मूल्यमापन करताना वक्त्याचं एक वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि तेच धरून बोलायचं. मग वक्त्याला वाटतं, यांनी ऐकलं. तेवढं पटल्यावर पुढची टीका तो मनावर घेतो. कामाच्या ठिकाणीही मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. हाताखालच्या माणसाला ‘रिपोर्ट नीट नाही’ म्हणण्याऐवजी ‘तिसऱ्या पानावरचा हा आकडा कुठून आणला’ असं विचारलं की रिपोर्ट सुधारतो आणि माणूसही दुखावत नाही.

८. चिठ्ठी उघडली की शेवट ठरवा

आयत्या वेळच्या भाषणाला एक ते दोन मिनिटं मिळतात. बहुतेक जण पहिलं वाक्य शोधत बसतात. शोधायचं शेवटचं. कुठे पोचायचं ते ठरलं की वाट सापडते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्यानंतर एका बैठकीत ‘विक्रम’ अशी चिठ्ठी निघाली. मूर्तिजापूरहून येजा करणाऱ्या पोरानं ती उचलली, क्षणभर छताकडे पाहिलं आणि त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत गेलेली आपली आधीची वर्षं सांगायला लागला. शेवटी म्हणाला, “विक्रम रस्त्याचा नाही, आमच्या कंबरेचा हाय.” हे वाक्य त्यानं आधी ठरवलं होतं, हे नंतर चहावर सांगितलं.

९. बैठकीची वेळ ठरवते कोण बोलणार

टोस्टमास्टर्समध्ये स्त्रियांना अधिकृत सभासदत्व १९७३ मध्ये मिळालं, म्हणजे संस्था सुरू झाल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी. हेलन ब्लँचर्ड या बाईंनी १९७० मध्ये ‘होमर’ असं पुरुषी नाव लावून नोंदणी केली होती. पुढे १९८५ मध्ये त्याच या संस्थेच्या पहिल्या स्त्री आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. ही गोष्ट ऐकून आमच्याकडच्या बायका खूप हसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की आपल्याकडे नियमात कुठे अडसर नाही, आणि तरीही बैठकीला बायका मोजक्याच असायच्या.

कारण वेळेत होतं. बैठक रात्री आठला असायची. आठ म्हणजे कुकर, लेकरांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. पुरुष सभासद म्हणायचे, “बायकांना आवडच नाही.” कार्यकारिणीत आल्यावर मी भाषणं कमी केली आणि वेळेसाठी भांडले. बैठक शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आणली आणि लेकरांना सोबत आणायची मुभा दिली. मागच्या कोपऱ्यात चित्रकलेच्या वह्या आणि रंगांचा डबा ठेवला. बायका वाढल्या. लेकरंही गप्प बसून ऐकतात, आणि घरी जाऊन आईला सांगतात की ती किती वेळा ‘अं’ म्हणाली.

ज्याला क्लब चालवायचा त्यानं आधी विचारावं की या वेळेला, या जागी कोण येऊच शकत नाही. भाषणाच्या विषयापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

१०. पोरं पुण्याला जाणारच

दर जून-जुलैत आमचा निम्मा क्लब रिकामा होतो. पोरगं बोलायला लागलं, मुलाखतीत चमकलं की पुण्याला किंवा हैदराबादला गेलं म्हणून समजा. पहिली काही वर्षं लोक यावर हळहळत बसायचे. खरं तर हेच क्लबाचं काम आहे. फक्त तयारी पाहिजे. प्रत्येक कामाला दोन माणसं तयार ठेवा. हिशेबाची वही, हॉलची किल्ली, सभासदांची यादी एकाच माणसाकडे नको. नवा सचिव शोधायचं काम जुना जायच्या आधी चार महिने सुरू करा. जमा-खर्च दर महिन्याला सगळ्यांपुढे वाचून दाखवा, तीनशे रुपयांचा चहा असला तरी. पैशाबद्दल एकदा कुजबुज सुरू झाली की चांगले वक्ते सगळ्यात आधी निघून जातात.

११. गाव बदललं की भाषण बदला

अमरावतीत कॉलेजं भरपूर, ऐकण्याची सवय आहे. संदर्भ दिला, किस्सा लांबवला तरी लोक थांबतात. अकोला व्यापाराचं गाव. तिथला श्रोता तिसऱ्या मिनिटाला मनात विचारतो, ‘बरं मग, मुद्दा काय?’ माहेरची बाजू घेते असं म्हणा, पण माझी भाषणं सुधारली ती अकोल्यात.

तुमच्या गावात असा क्लब नसेल तर तो सुरू करायला फार काही लागत नाही. गावच्या वाचनालयाची एक खोली मागा, घड्याळ आणा, तीन रंगांच्या पट्ट्या करा आणि आठ माणसं जमवा. त्यातल्या किमान तिघी बायका असू द्या. पहिल्या बैठकीला पाहुणा बोलावू नका, हार-तुरे नकोत, फलक नको. ठरलेल्या वेळी सुरू करा, ठरलेल्या वेळी संपवा, आणि जो सगळ्यात आधी येईल त्याला खुर्च्या मांडायला लावा.